दूध तापताना आत काय घडते? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

दूध तापवण्याबद्दल या वेळी इतकी पत्रे आली की सदराची सगळी पाने त्यालाच दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे दुग्धतंत्रज्ञान आणि अन्नरसायन या विषयांतल्या आमच्या सल्लागारांची आहेत. तापमाने सगळीकडे सेल्सियसमध्ये समजावीत.

अंडे उकडले की घट्ट होते. दुधातही प्रथिने आहेत, मग दूध कितीही उकळले तरी पातळच कसे राहते? (सोलापूर)

कारण दुधातली बहुतेक प्रथिने अंड्यातल्या प्रथिनांच्या जातीची नाहीत. गाईच्या दुधात शेकडा सव्वातीनच्या आसपास प्रथिने असतात, म्हशीच्या दुधात चार किंवा थोडी जास्त. त्यातली सुमारे ८० टक्के केसीन गटातली. उरलेली २० टक्के निवळीतली, म्हणजे कच्चे दूध रेनेटने (चीज करताना दूध गोठवायला घालतात त्याने) गोठवले तर वर जे हिरवट पाणी सुटते त्यात राहणारी. तापल्यावर हे दोन गट अगदी उलट वागतात.

निवळीतले प्रथिन लोकरीच्या गुंड्यासारखे घट्ट गुंडाळलेले असते. त्यातले मुख्य म्हणजे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. १६२ अमिनो आम्लांची ही साखळी. तिची घडी जागेवर राहावी म्हणून आत गंधकाच्या अणूंचे दोन पूल असतात आणि पाचव्या सिस्टीनचा (गंधक असलेल्या अमिनो आम्लाचा) थायॉल गट, म्हणजे गंधक-हायड्रोजनची जोडी, मोकळाच, पण घडीच्या पोटात दडलेला असतो. तापमान ७० अंशांच्या वर गेले की घडी उलगडते आणि हा मोकळा गट उघड्यावर येतो. तो अतिशय क्रियाशील असतो. शेजारच्या रेणूतला गंधकाचा पूल तोडून तो स्वतः तिथे जोडून घेतो, त्यामुळे दुसरा गट मोकळा होतो आणि ही देवाणघेवाण पुढे चालू राहते. दूध थंड केले तरी हे बंध सुटत नाहीत.

केसीनला मुळात अशी घडीच नाही. त्यात प्रोलीन हे अमिनो आम्ल भरपूर असल्याने साखळी नीट दुमडतच नाही. जे गुंडाळलेलेच नाही ते उलगडणार काय? केसीनचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या आधाराने एकत्र येऊन गोलसर कण बनवतात, सरासरी दीडशे ते दोनशे नॅनोमीटर व्यासाचे. दुधाचा पांढरेपणा बराचसा याच कणांमुळे. त्यांना मायसेल म्हणतात. मायसेलच्या पृष्ठभागावर कापा-केसीन या केसीनच्याच एका प्रकाराचे ऋणभारित धागे बाहेर डोकावत असतात, ते एका कणाला दुसऱ्याजवळ येऊ देत नाहीत. साध्या उकळीत ही व्यवस्था मोडत नाही. चांगले ताजे दूध बंद नळीत १४० अंशांवर ठेवले तरी गोठायला पाव तास लागतो.

मग उलगडलेल्या निवळी-प्रथिनांचे काय होते? कापा-केसीनमध्येही गंधक आहे. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन त्याच्याशी बांधले जाते आणि मायसेलवर त्याचा लेप बसतो. काही गाठी मायसेलला न चिकटता द्रवात तरंगत राहतात, पण त्या इतक्या बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय निवळी-प्रथिने दुधात जेमतेम ०.६ टक्के, अंड्याच्या पांढऱ्यात प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा मालात सगळे भांडे घट्ट धरणे शक्य नसते. उकळलेले दूध म्हणूनच दिसायला तसेच राहते, पण त्याचे दही वेगळे धरते आणि चीज धरत नाही. या दोन्हींबद्दल पुढे आहे.

खरवस कधी सुरेख वड्या पडेल असा होतो, कधी दह्यासारखा ढिला, तर कधी जाळी पडून पाणी सुटते. गायवाल्याकडून चीक दर वेळी तसाच येतो. काय चुकते? (सावंतवाडी, वाई)

चीक दर वेळी तसाच येत नाही, गोम तिथेच आहे. गाय व्यायल्यावर पहिल्या धारेच्या चिकात एकूण प्रथिने १४ टक्क्यांच्या आसपास असतात, दुसऱ्या धारेला आठ-साडेआठ, तिसऱ्या धारेला पाचच्या आसपास. लक्षात घ्या, हे दिवस नव्हेत, धारा आहेत. सकाळी व्यालेल्या गाईची तिसरी धार दुसऱ्या सकाळीच येते. आणि घट होते ती मुख्यतः इम्युनोग्लोब्युलिनमध्ये, म्हणजे वासराला रोगप्रतिकारशक्ती देणाऱ्या प्रथिनांमध्ये. केसीन फारसे कमी होत नाही. इम्युनोग्लोब्युलिन हे निवळीतल्या प्रथिनांपैकी उष्णतेला सगळ्यात हळवे. खरवस धरतो तो त्यांच्या जोरावर. तिसऱ्या धारेत ते इतके उतरते की तुम्ही कितीही वाफवा, वडी पडत नाही.

प्रमाण ठरवण्याची घरोघरची रीत रसायनाशी जुळणारी आहे: पहिल्या धारेचा दाट, पिवळा चीक असेल तर जितका चीक तितके दूध, दुसऱ्या धारेला निम्मे दूध, तिसरीला दूध घालूच नये. पण त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे आधी नमुना वाफवून बघणे. दूध-साखर मिसळलेले दोन चमचे मिश्रण छोट्या वाटीत घेऊन दहा मिनिटे वाफवा. वाटी वाकडी केल्यावर हलले नाही तर प्रमाण बरोबर. लिबलिबीत राहिले तर चीक वाढवा, फार टणक झाले तर दूध वाढवा.

घालायचे दूध गार असावे. कढत दूध चिकात ओतले तर ते पडेल तिथेच गाठी धरतात आणि त्या मग मोडत नाहीत. गूळ वापरत असाल तर तो गार दुधात विरघळवून गाळून घ्या. भांड्यात मिश्रणाची उंची दीड-दोन इंचांहून जास्त नको, नाहीतर कडा शिजून जातात आणि मधला भाग कच्चा राहतो. कुकरची शिटी काढून, झाकण ठेवून, मध्यम आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे. वरच्या झाकणाचे पाणी आत पडू नये म्हणून भांड्यावर ताटली ठेवा.

जाळी आणि पाणी हे जास्त तापल्याचे लक्षण. प्रथिनांचे जाळे ८० अंशांच्या आसपास पुरेसे धरते. त्यानंतरही उष्णता देत राहिलात तर बंध वाढत जातात, जाळे आवळते आणि आतले पाणी बाहेर ढकलले जाते; वाफेचे बुडबुडे छिद्रे पाडतात ते वेगळेच. शिटी होऊ दिली की आतले तापमान शंभरच्या बरेच वर जाते आणि हमखास असा खरवस होतो.

गायवाल्या वाचकांसाठी एक गोष्ट जोडतो. पहिली धार वासराचीच. त्याच्या आतड्यातून ही प्रथिने जशीच्या तशी रक्तात जातात ती फक्त पहिल्या चोवीस तासांत, आणि तीही तासागणिक कमी होत. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजायला सुरुवात व्हावी. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक त्याला मिळावा. चीक जंतुमुक्त करून पाजायचा असेल तर तो ६० अंशांवर तासभर ठेवतात. त्याने इम्युनोग्लोब्युलिन बव्हंशी टिकते. नेहमीच्या दुधासारखा ७२ अंशांपर्यंत नेला तर चीक घट्ट होतो आणि वासराला द्यायचे तेच नष्ट होते.

पिशवीतले दूध आधीच पाश्चराइज्ड असते म्हणून मी ते फक्त कोमट करून विरजण लावते. दही पातळ होते, दुसऱ्या दिवशी वर पाणी येते. (पुणे)

जंतूंच्या दृष्टीने तुमचे बरोबर आहे, दह्याच्या दृष्टीने नाही. पाश्चरायझेशन म्हणजे ७२ अंशांवर किमान १५ सेकंद. तेवढ्यात रोगजंतू मरतात, पण निवळीतली प्रथिने थोडीच उलगडतात. दह्याला ती जवळजवळ सगळी उलगडलेली हवीत. त्यासाठी कारखान्यात दूध ८५ अंशांवर अर्धा तास किंवा ९० ते ९५ अंशांवर पाच मिनिटे धरतात.

विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्लाने मायसेलवरचा ऋणभार कमी होत जातो आणि पीएच (आंबटपणाचे माप, जितका कमी तितके दूध आंबट) ४.६ कडे येताना केसीनचे कण एकमेकांना चिकटून जाळे बनते. कच्चट दुधात हे जाळे पीएच पाचच्या आसपास, उशिरा धरू लागते आणि विरळ असते. तापवलेल्या दुधात मायसेलवर निवळी-प्रथिनांचा लेप असतो. ती प्रथिने ५.२-५.३ लाच एकमेकांना धरू लागतात, जाळे लवकर सुरू होते, बारीक विणीचे होते आणि पाणी अडकवून ठेवते.

घरी असे करा. जाड बुडाच्या भांड्यात दूध तापवा, एक उकळी येऊ द्या, मग आच अगदी मंद करून दहा मिनिटे ठेवा, ढवळत राहा. थर्मामीटर असेल तर ९० अंशांच्या आसपास सांभाळा. ४०-४२ अंशांपर्यंत निववा, हिवाळ्यात एखाददोन अंश वरच विरजण लावा. लिटरला एक ते दोन चमचे ताजे दही, थोड्या दुधात आधी कालवून. मग हलवू नका. अर्धवट धरलेले जाळे एकदा मोडले की पुन्हा तसे जुळत नाही. पाणी सुटण्याचे दुसरे मोठे कारण हेच. टोण्ड दुधाचे दही अजून घट्ट हवे असेल तर तापवण्याआधी लिटरला २० ते ३० ग्रॅम दूधपावडर मिसळा.

तासभर उकळत ठेवल्याने दही आणखी घट्ट होते ते पाणी आटल्यामुळे. प्रथिनांचे काम पहिल्या दहा मिनिटांत उरकलेले असते.

चीज घरी करायला रेनेट आणले. उकळून गार केलेल्या दुधात घातले तर तासाभरानंतरही दूध तसेच. रेनेट खराब असेल का? (नाशिक) जर्मनीत मिळणाऱ्या हा-मिल्शचे दही छान लागते, पनीर मात्र मऊ आणि भुसभुशीत होते. (म्युनिक)

दोन्ही प्रश्नांचे कारण एकच आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो.

रेनेटमधले कायमोसीन हे विकर (एन्झाइम) कापा-केसीनची साखळी एका ठराविक जागी, १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांमध्ये, कापते. मायसेलवरचे ऋणभारित धागे छाटले गेले की कण एकमेकांना चिकटतात आणि दूध गोठते. उकळलेल्या दुधात त्याच कापा-केसीनवर बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन घट्ट बसलेले असते. कापण्याचे काम थोडेफार होते, पण कणांना एकमेकांच्या जवळ येऊन चिकटता येत नाही. शिवाय तापताना दुधातले विरघळलेले कॅल्शियम काही प्रमाणात फॉस्फेट होऊन बसते, आणि चिकटण्यासाठी तेच लागते. तुमचे रेनेट बहुधा ठीक आहे.

चीजसाठी खात्रीच्या गोठ्यातले ताजे कच्चे दूध घ्या, ६३ अंशांवर अर्धा तास धरा, गार पाण्यात भांडे ठेवून लगेच ३२ अंशांवर आणा. लिटरला ०.२ ग्रॅम खाद्य प्रतीचे कॅल्शियम क्लोराइड थोड्या पाण्यात विरघळवून घाला, दहा मिनिटांनी रेनेट. अर्ध्या-पाऊण तासात सुरीने स्वच्छ चीर पडेल असे गोठले पाहिजे. पाश्चरायझेशन झालेच पाहिजे. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात. पण ६३ चे ८० होऊ देऊ नका. मुंबईतल्या पारशी घरांतले टोपलीचे पनीरही रेनेटवर लागते, त्यामुळे त्याचे दूधही असेच जपून तापवावे लागते.

हा-मिल्श म्हणजे आपल्याकडे खोक्यात मिळणारे यूएचटी दूध. ते १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेले असते, त्यातली निवळी-प्रथिने बहुतांशी उलगडून मायसेलला बांधली गेलेली असतात. दह्याला हे फायद्याचे, म्हणून ते छान लागते. पनीरला मात्र केसीनचे कण एकमेकांत घट्ट मिसळावे लागतात. मध्ये लेप आणि होमोजिनायझेशनने बारीक झालेले स्निग्धकण आले की चोथा मऊ पडतो आणि पाणी धरून ठेवतो. कॅल्शियम क्लोराइडने थोडी सुधारणा होते. पण म्युनिकमध्ये फ्रीजच्या कपाटात साधे पाश्चराइज्ड दूधही असतेच, ते घ्या.

पनीरसाठीही दूध तापवायचेच असते, पण बेताने. म्हशीचे किंवा सहा टक्के स्निग्धांशाचे दूध ९० अंशांपर्यंत न्या आणि आच बंद करा. एवढ्याने निवळी-प्रथिने केसीनबरोबर बसतात, पाण्यात वाहून जात नाहीत, पनीर जास्त पडते. मग ७० अंशांपर्यंत निवू द्या. लिटरला दोन ग्रॅम सायट्रिक आम्ल २०० मिलि गरम पाण्यात विरघळवून हळूहळू, हलक्या हाताने ढवळत घाला. पाणी स्वच्छ, हिरवट दिसले की थांबा. सगळे द्रावण लागेलच असे नाही. त्या वेळी पीएच ५.३ च्या आसपास असतो. पाच मिनिटे तसेच ठेवून गाळा, दाबा, मग बर्फाच्या पाण्यात दोन तास. उकळत्या दुधातच लिंबू पिळले तर पनीर रबरासारखे होते. आम्ल जास्त पडले तर भुगा होतो. पाणी दुधाळ राहिले तर आम्ल कमी पडले आहे.

दूध चवीला चांगले असते, वासही नसतो, तरी उकळताना नासते. (लातूर आणि इतर अनेक)

ताज्या दुधाचा पीएच ६.६ ते ६.८. साध्या तापमानाला दूध गोठायला तो पाचच्या खाली यावा लागतो, पण उकळताना ६.२ च्या आसपासही दूध फुटते. जिभेला एवढा आंबटपणा कळत नाही. उष्णतेने दुधाचा पीएच स्वतःहूनही थोडा उतरतो, कारण कॅल्शियम फॉस्फेट बसताना हायड्रोजन आयन मोकळे होतात. काठावर असलेले दूध तेवढ्याने पलीकडे जाते.

दूध संकलन केंद्रावर म्हणूनच उकळी-चाचणी करतात: परीक्षानळीत पाच मिलि दूध घेऊन ती उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवायची. कण दिसले तर दूध नाकारायचे. घरी शंका आली तर सगळे पातेले चढवण्याआधी पळीभर दूध उकळून बघा.

आंबटपणा मुळीच नसतानाही दूध फुटू शकते. पाश्चरायझेशनमध्ये जिवाणूंचे बीजाणू टिकतात. पिशवी फ्रीजबाहेर राहिली की त्यातले काही वाढून रेनेटसारखी विकरे सोडतात. त्याला गोड फुटणे म्हणतात. चीक मिसळलेले किंवा दगडी (कासेची सूज) झालेल्या जनावराचे दूधही उकळताना फुटते, कारण त्यात निवळी-प्रथिने आणि क्षार यांचे प्रमाण बिघडलेले असते.

काठावरच्या दुधात चिमूटभर खायचा सोडा टाकण्याचा उपाय काही वाचकांनी सुचवला आहे. त्याने पीएच वर जाऊन दूध उकळी सहन करते, हे खरे. पण आतल्या जिवाणूंचे काम झाकले जाते एवढेच. विकायच्या दुधात सोडा घालणे ही सरळ भेसळ आहे. ती ओळखायला पाच मिलि दुधात तितकेच अल्कोहोल आणि रोझॉलिक आम्लाचे काही थेंब टाकतात. गुलाबी-तांबडा रंग आला तर सोडा आहे.

आल्याचा चहा आणि गुळाचा चहा, दोन्ही फुटतात. उपाय? (कोल्हापूर, ठाणे, बेळगाव)

फुटतात दोन्ही, पण कारणे निराळी आहेत.

आल्यात झिंजिबेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर असते. ते ६० अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात चालते आणि उकळीत नष्ट होते. गार दुधात आले किसून पातेले चढवले तर दूध त्या धोक्याच्या टप्प्यातून सावकाश जाते आणि केसीन कापले जाऊन गोठते. चीनच्या दक्षिण भागात आल्याचा रस आणि गरम दूध यांचा गोड पदार्थ याच गुणावर मुद्दाम लावतात. चहात तो नको असेल तर आले पाण्यात घालून दोन-तीन मिनिटे खळखळ उकळा, मग पत्ती, मग दूध. वरून कच्चा आल्याचा रस कधीही नाही.

गूळ मुळात किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात खनिज क्षार असतात. जुना, ओल लागून आंबूस झालेला गूळ जास्त फोडतो. उलट रस शुद्ध करताना चुना जास्त पडलेला गूळ कमी फोडतो. एकाच दुकानातल्या दोन ढेपी म्हणूनच वेगळ्या वागतात. उपाय तापमानाचा: पाणी, पत्ती, गूळ उकळून घ्या, गॅस बंद करा, एक मिनिट थांबा, मग वेगळे तापवलेले दूध ओता. नंतर पुन्हा उकळी आणायची नाही. आम्ल आणि उकळी एकत्र आली की केसीन तग धरत नाही. नुसत्या आम्लात, ७०-८० अंशांना, बहुतेक वेळा निभावते.

दूध खाली लागते. आधी भांडे पाण्याने विसळावे म्हणतात, त्यात तथ्य आहे का? शिवाय उकळलेल्या दुधाला तो विशिष्ट वास कशाने येतो? (नागपूर)

तथ्य आहे. तापलेल्या धातूला टेकलेल्या दुधाच्या थरात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडते आणि पृष्ठभागालाच चिकटते. त्यावर कॅल्शियम फॉस्फेट बसते, त्यात मायसेल अडकतात. थर जाड झाला की उष्णता पुढे जात नाही, खालचा भाग करपतो. पाण्याने ओल्या भांड्यात सुरुवातीला कोरड्या तळावर दूध थेट सुकत नाही, म्हणून थोडा फरक पडतो. खरा फरक पडतो तो मंद आचेने, जाड बुडाने आणि ७० अंशांच्या पुढे सतत ढवळण्याने. किंचित आंबलेले दूध जास्त लागते.

डेअरीतही हीच डोकेदुखी असते. ७५ ते ११० अंशांच्या टप्प्यात बसणाऱ्या पांढऱ्या, मऊ थरात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात. तो काढायला आधी सुमारे एक-दीड टक्का कॉस्टिक सोडा आणि नंतर सौम्य आम्ल फिरवतात. स्वयंपाकघरात तत्त्व तेच: स्टीलच्या पातेल्यात गरम पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून तासभर ठेवा, प्रथिने फुगून सुटतात. पांढरट खरखरीत डाग उरले तर ते क्षारांचे, त्यांना व्हिनेगर. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नका, धातूच खाल्ला जातो.

वास गंधकाचा. उलगडलेल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनमधून हायड्रोजन सल्फाइड आणि तत्सम वायू अतिशय सूक्ष्म प्रमाणात सुटतात, ७५ अंशांच्या पुढे. दूध झाकण न ठेवता निवले की तो बराच ओसरतो. हेच उघडे पडलेले थायॉल गट स्निग्धांशाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतात.

साय हा याच रसायनाचा वरच्या बाजूचा भाग. पृष्ठभागावरून पाणी उडून जाते, तिथे प्रथिने दाट होऊन पापुद्रा धरतात आणि वर येणारे स्निग्धकण त्यात अडकतात. स्निग्धांश काढलेल्या दुधावरही पातळ पापुद्रा येतो तो त्यामुळेच.

बासुंदीला गुलाबीसर रंग येतो तो कशाचा? आटवलेल्या दुधात पोषण कमी होते का? (सातारा)

सातारकरांनी हे विचारावे हे बरे झाले, कारण कंदी पेढ्याचा तपकिरी रंग हे याच अभिक्रियेचे पुढचे टोक आहे. बेळगावच्या कुंद्याचाही तोच.

दुधातली साखर, लॅक्टोज, हिच्या एका टोकाला क्रियाशील गट असतो. तो केसीनमधल्या लायसीन या अमिनो आम्लाच्या मोकळ्या अमिनो गटाशी जोडला जातो. पहिल्या पायरीवर रंग काहीच दिसत नाही, पण लायसीन अडकलेले असते आणि शरीराला ते वापरता येत नाही. पुढच्या पायऱ्यांवर सुगंधी संयुगे तयार होतात आणि शेवटी तपकिरी मेलॅनॉइडिन. ही माईलार्ड अभिक्रिया. नुसत्या उकळीत ती हळू चालते. पाणी आटून घटक दाट झाले की वेग घेते, आणि खव्याचा गोळा कढईत परतताना सगळ्यात जास्त, कारण तळाशी तापमान शंभरच्या बरेच वर गेलेले असते.

वरून घातलेली साखर, म्हणजे सुक्रोज, स्वतः या अभिक्रियेत भाग घेत नाही, कारण तिचा क्रियाशील गट मोकळा नसतो. तरी ती शेवटीच घाला. आधी घातली तर दूध तळाला जास्त लागते, रंग एकसारखा येत नाही. सोडा घातल्याने रंग लवकर येतो हे खरे, कारण पीएच वाढला की अमिनो गट जास्त क्रियाशील होतात. पण लायसीनचे नुकसानही त्याच प्रमाणात वाढते, थायामिन हे जीवनसत्त्व जाते आणि चव साबणासारखी होते. करू नये.

दाणेदार खवा हवा असेल तर उलटी वाट: दूध आटत आलेले असताना लिटरला अर्धा ग्रॅम सायट्रिक आम्ल. केसीन बारीक गाठी धरते, कलाकंदाचा दाणा पडतो.

पोषणाचे म्हणाल तर साध्या उकळीने लायसीन जाते ते नगण्य. खव्यात, पेढ्यात जास्त जाते. दुधात लायसीन मुबलक असते आणि भाकरी-पोळीत ते कमी असते, म्हणून दुधातले लायसीन जपणे महत्त्वाचे. पण पेढा कुणी लायसीनसाठी खात नाही.

उकळल्याने दुधातली प्रथिने ‘मरतात’ असे व्यायामशाळेत सांगतात. व्हे पावडर गरम दुधात घालू नये असेही. (पनवेल)

पहिले चूक. घडी उलगडली म्हणजे साखळी तुटली असे नाही, अमिनो आम्ले तीच राहतात. उलट, घडीत असलेले बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन जठरातल्या पेप्सीन या पाचक विकराला दाद देत नाही. तापवल्यावर ते सहज पचते. पावडर कढत दुधात टाकली तर मात्र गाठी होतात, कारण ती जवळजवळ सगळी निवळी-प्रथिनेच आहेत. थोड्या गार दुधात आधी कालवा आणि ६० अंशांच्या खाली असलेल्या दुधात मिसळा. धिरड्यात, थालीपिठात घातली तर पोषण कमी होत नाही, पीठ थोडे चिवट होते.

नातवाला दुधाची ॲलर्जी आहे. खूप उकळून दिले तर चालेल का? (रत्नागिरी)

नाही. उष्णतेने काही निवळी-प्रथिनांचा ॲलर्जीकारक आकार मोडतो, पण केसीनला मुळात मोडण्यासारखा आकारच नाही. शरीर त्याची साखळी ओळखते आणि ती उकळीतून जशीच्या तशी बाहेर येते. पिठात मिसळून बराच वेळ भाजलेले दूध काही मुलांना सोसते. ते ॲलर्जीतज्ज्ञ आपल्या देखरेखीखाली, दवाखान्यात, ठरलेल्या मात्रेने तपासतात. घरी चमचाभरही देऊन बघू नका.